एका घासाने काय होतंय?

माझी धाकटी बहीण चार वर्षांची आहे. तिला शेंगदाणा चालत नाही. खाल्ला की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. ही ॲलर्जी आहे, असे डॉक्टर म्हणाले. घरोघरी 'पित्त उठलं' म्हणतात नि कोकम चोळतात. पण श्वास अडकला तर कोकम काय करणार? तेव्हा लगेच १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा.

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिथे गरम जेवण मिळते, गाणी होतात. म्हणून बहिणीला घरी ठेवणे मला पटत नाही. आईने ताईंना कागदावर लिहून दिले. तो कागद स्वयंपाकाच्या जागी भिंतीवर लावलाय. बदली मदतनीस आली तरी वाचेल. नुसते दाणे वेचून भागत नाही हो! कूट उसळीत मिसळलेले असते, तोच डाव खिचडीत जातो. म्हणून तिची ताटली आधी वाढतात, वेगळ्या डावाने.

ताई ऐकतात, पाहुणे ऐकत नाहीत. पेणला आमच्या घरी दाणे आणतच नाहीत. रोह्याला मामाकडे मात्र पोह्यांत दाणे असतातच. "एका घासाने काय होतंय? लाडावलंय पोर!" मोठ्यांना उलट बोलू नये, पण इथे मी बोलते. थोडे थोडे चारून सवय लावायची ही गोष्ट नव्हे. आणि कारले नको म्हणून ॲलर्जीचे नाव सांगणाऱ्यांचा मला राग येतो. मग खऱ्याचेही कोणी ऐकत नाही.

वाढदिवसाला अंगणवाडीत चिक्की वाटणार असाल तर आधी ताईंना विचारा. बहिणीला नुसते कुरमुरे दिले तरी चालतील, पण तिला पंगतीतून उठवू नका.