कारवानी पिल्लाचा पहिला हंगाम



रब्बीची ज्वारी पोटरीत आली की बांधावर आणखी एक राखणदार दिसू लागतो. लांब पायांचा, पोट खपाटीला गेलेला, वर्षाच्या आतबाहेरचा कारवानी. अंगावर लांब केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात तोच मुधोळ होतो. तेथील घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. टपाल खात्याने २००५ मध्ये तिच्यावर तिकीट काढले, २०१६ मध्ये लष्कराने मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. एवढे कौतुक झाल्यावर आपल्याकडच्या पोरांनाही दारात कारवानी हवासा वाटणारच. त्यात वावगे काही नाही. पण पिल्लू आणणे वेगळे आणि त्याचा रानातला पहिला हंगाम निभावणे वेगळे.

हा कुत्रा नाकापेक्षा डोळ्यांवर चालतो. समोर काही पळाले की तो पळणार. ससा असो, शेजाऱ्याचे करडू असो की मोटारसायकल. पहिल्या हंगामात जी सवय लागेल ती जन्मभर सुटत नाही. आणि गावोगाव त्याला पहिला शब्द कोणता शिकवतात? 'छू'! आमचे म्हणणे एवढेच की पहिला शब्द 'ये' असू द्या. लांब कासऱ्याला बांधून रोज शेळ्या-कोंबड्यांतून फिरवा. पळण्याच्या बेतात असताना हाक मारा, आला की भाकरीचा तुकडा द्या. हाकेला वळतो अशी खात्री होईपर्यंत रानात मोकळा सोडू नका. मग त्याला सहा महिने लागोत की वर्ष.

जुनी माणसे सांगतील, कारवानी म्हणजे सशाची शिकार. एके काळी ते खरेच होते. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. या कायद्यात शिकार म्हणजे नुसते मारणे नव्हे. कुत्र्याने पाठलाग करणे, हाकणे, सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही शिकारीतच येते. ससासुद्धा संरक्षित प्राणी आहे. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत नेला, शिवाय तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काळवीट किंवा लांडगा असला तर शिक्षा याहून कडक. नान्नज, रेहेकुरीच्या आसपासच्या गावांनी तर फारच जपले पाहिजे. 'कुत्रा आपणहून पळाला, साहेब' हे सांगणे पंचनाम्यात टिकेलच असे समजू नका, त्यातून मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पोरांनीच गावभर फिरवलेला असतो.

रानडुक्कर आणि रोही पिकाचा फडशा पाडतात, हे आम्ही रोज पाहतो. तो राग रास्त आहे. पण वर्षाच्या पिल्लाला डुकरावर घालणे म्हणजे पिल्लू गमावणे. डुकराचा सुळा एका झटक्यात पोट फाडतो. खरे सांगायचे तर पिकाच्या राखणीला रात्रभर भुंकणारी दोन गावठी कुत्री कारवान्यापेक्षा उजवी. कारवानी तसा अबोल. वस्तीवर कोण आले-गेले यावर नजर ठेवणे, हे त्याचे काम. नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या. तीच वाट आहे.

आता पिल्लाच्या अंगाचे. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत त्याची हाडे पक्की होत नाहीत. मोटारसायकलमागे पळवण्याची जी हौस आहे, ती सांध्यांना बाधते. धावणे सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना, आणि पोटभर खाल्ल्यावर दोन तास नाहीच. ऊन लागले तर सावलीत नेऊन पोटावर, पायांवर साधे पाणी ओता आणि दवाखाना गाठा. दिवाळीनंतर कुसळी गवत वाळते. संध्याकाळी घरी आला की बोटांच्या बेचक्या आणि कान पाहाच. कुसळ आत गेले की महिनाभर जखम वाहते. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष टाकले असेल त्या दिवसांत कुत्रा बांधून ठेवा. मेलेला उंदीर खाऊनही तो दगावतो. डुकरासाठी कुंपणात वीज सोडणारे, गावठी बॉम्ब ठेवणारे अजून आहेत. त्यात कुत्रीच नव्हे, माणसेही मेली आहेत.

मेंढपाळ बंधूंनी पुढचे नीट वाचावे. मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते, तेव्हा तिच्या मेंदूत पाण्याची गाठ झालेली असू शकते. ती गाठ कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीची. मेलेल्या मेंढीचे डोके कुत्र्यापुढे टाकले की कृमी कुत्र्यात जातो, त्याच्या विष्ठेतून अंडी चाऱ्यावर, आणि चाऱ्यातून पुन्हा मेंढीत. यकृत-फुप्फुसाच्या गाठींचा कृमीही असाच फिरतो आणि तो माणसालाही होतो. आपली जनावरे देवनारला जातात. मुंबई महापालिकेच्या १९७१ पासूनच्या त्या कत्तलखान्यात पशुवैद्यक जनावराची तपासणी करतात, गाठींचे अवयव बाजूला काढले जातात. आपल्या वस्तीवर तेच यकृत कौतुकाने पिल्लाला मिळते! डोके आणि गाठींचे अवयव खोल पुरा. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल असलेले जंताचे औषध द्या.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींना एक विनंती. हंगामाआधी एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने गावातल्या सगळ्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्या. पिल्लाला पहिली लस तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी. रानात फिरणारा कुत्रा कोल्ह्या-लांडग्यांच्या संपर्कात येतो आणि रोग दोन्हीकडे जातो. कुणाला चावा बसलाच तर हळद-मिरची, तंबाखू लावत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. शिबिराची दवंडी आदल्या संध्याकाळी द्या, कारण सकाळी नऊनंतर निम्मी कुत्री धन्याबरोबर रानात गेलेली असतात.