विश्लेषण : ‘ड्रॅग’ होते, पण ‘ड्रॉप’ का होत नाही?

फाइल माऊसने पकडायची, ओढत न्यायची आणि हव्या त्या जागी सोडायची. संगणकावरचे हे काम इतके साधे मानले जाते की ते मुद्दाम शिकवावे असे कोणाला वाटत नाही. त्यामुळेच ते चालेनासे झाले की माणूस पहिला दोष स्वतःला देतो. निवृत्त शिक्षक म्हणतात, ‘आता हात स्थिर राहत नाही’. कार्यालयातील लिपिक म्हणतो, ‘मला हे नवीन विंडोज जमत नाही’. मग दुरुस्तीवाल्याला बोलावले जाते आणि तो ठरलेले वाक्य ऐकवतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल’. या एका वाक्यापायी कित्येक घरांतील जुने फोटो आणि कार्यालयांतील हिशेबाच्या फायली पणाला लागतात. एवढ्या टोकाला जाण्याचे कारण बहुतेक वेळा नसतेच. माझे म्हणणे याच्याही पुढे जाणारे आहे. ओढून टाकण्याची ही पद्धत बिघडते तेव्हा ती का बिघडली ते सांगत नाही, आणि हा वापरणाऱ्याचा नव्हे, बनवणाऱ्याचा दोष आहे.

नेमके काय बिघडते?

ओढाओढीच्या या व्यवहारात तीन पक्ष असतात : फाइल देणारा प्रोग्रॅम, मध्ये बसलेली विंडोज किंवा मॅक ही यंत्रणा आणि फाइल घेणारा प्रोग्रॅम. कर्सर खिडकीवरून फिरत असताना घेणाऱ्याला सतत विचारले जाते, ‘हे घेशील का?’ त्याने होकार दिला तरच बटण सोडल्यावर फाइल उतरते. म्हणून फाइल ओढताना तिच्याकडे न बघता कर्सरकडे बघावे. आडवी रेघ मारलेले वर्तुळ दिसले तर समोरच्याने नकार दिला आहे. अधिकचे चिन्ह दिसले तर प्रत तयार होणार आहे. चिन्ह यापैकी कोणतेच नसेल आणि फाइल वाटेतच गळून पडत असेल, तर संशय माऊसवर घ्यावा.

माऊसच्या डाव्या बटणाखाली एक छोटा स्विच असतो. तो झिजला की बटण दाबून धरलेले असतानाही क्षणभर संपर्क तुटतो. संगणकाला वाटते, बटण सोडले. फाइल तिथेच पडते, तीही भलत्याच फोल्डरमध्ये. याची चाचणी सोपी आहे. नोटपॅडमध्ये दोन-तीन परिच्छेद लिहावेत आणि डावे बटण दाबून धरून ते सावकाश निवडत न्यावेत. निवड मध्येच तुटली तर दोष माऊसचा. तीन-चारशे रुपयांचा नवा माऊस हा ‘फॉरमॅट’पेक्षा फारच स्वस्त उपाय आहे. लॅपटॉप असेल तर टचपॅडवर तेच करून पाहिले म्हणजे शंका फिटते.

माऊस ठीक असेल तर एक जुनी युक्ती आहे. कोणतीही फाइल डाव्या बटणाने पकडून ठेवावी, तशीच धरून डाव्या हाताने एस्केपची कळ एक-दोनदा दाबावी आणि मग बटण सोडावे. हा मंत्र-तंत्र नव्हे. चालू असलेले ओढणे रद्द करण्यासाठी विंडोजने नेमलेली कळच एस्केप आहे. आधीचे एखादे ओढणे अर्धवट अडकले असेल तर ते बऱ्याचदा यातून सुटते. तेवढ्याने भागले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, यादीतील ‘विंडोज एक्सप्लोरर’वर उजवी क्लिक करून ‘रिस्टार्ट’ निवडावे. पडदा क्षणभर कोरा होतो, घाबरू नये.

‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’चा काय संबंध?

याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते. एखादा प्रोग्रॅम नीट चालत नाही म्हणून कोणीतरी सांगते, ‘त्यावर उजवी क्लिक कर आणि रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर कर’. प्रोग्रॅम चालतो, पण त्या दिवसापासून त्यात फाइल ओढून टाकता येत नाही. दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

२००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रॅमला विश्वासाची एक पातळी दिलेली असते. खालच्या पातळीवरच्या प्रोग्रॅमने वरच्या पातळीवरच्या खिडकीला संदेश पाठवू नये, असा नियम आहे. फायली दाखवणारा एक्सप्लोरर मधल्या पातळीवर चालतो आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडलेला प्रोग्रॅम वरच्या. त्यामुळे ओढलेली फाइल दारातच अडवली जाते. घुसखोर प्रोग्रॅमने वरच्या पातळीच्या प्रोग्रॅमला हुकूम सोडू नयेत, यासाठी हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. आक्षेप एवढाच, की अडवताना विंडोज एक शब्दही बोलत नाही. ‘हा प्रोग्रॅम वरच्या अधिकाराने चालू आहे, म्हणून फाइल घेता येत नाही’ एवढे एक वाक्य दाखवले असते, तर कितीतरी लोकांचे तास वाचले असते. व्हिस्टा येऊन दीड तपापेक्षा जास्त काळ लोटला, ते वाक्य काही आले नाही.

उपाय सोपा आहे : प्रोग्रॅम बंद करून नेहमीच्या पद्धतीने उघडावा. इंटरनेटवर मात्र याच तक्रारीवर दुसरा ‘उपाय’ फिरतो. रजिस्ट्रीमध्ये जाऊन परवानगी विचारणारी यंत्रणाच बंद करा, असे तो सांगतो. त्याने फाइल ओढता येते हे खरे, पण घराचे कुलूप अडते म्हणून दारच काढून ठेवण्याचा हा प्रकार आहे. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर हे कदापि करू नये.

दोष वापरणाऱ्याचा नसतो याचे आणखी ठळक उदाहरण विंडोज ११ चे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ही आवृत्ती आली, तेव्हा फाइल खालच्या टास्कबारवरील चिन्हावर ओढून नेण्याची, वर्षानुवर्षे हाताला सवय झालेली सोय त्यातून गायब होती. कर्सर तिथे नेला की नकाराचे वर्तुळ. वापरणाऱ्याला वाटणार, आपलेच काही बिघडले. सप्टेंबर २०२२ च्या मोठ्या अद्ययावतीत ती सोय परत आली. मधले जवळपास वर्षभर या तक्रारीवर घरी बसून करण्यासारखा काही उपाय नव्हता, कारण बिघाड नव्हताच. सोयच काढून घेतलेली होती.

फोल्डर ‘गायब’ होतो तो कुठे?

ड्रॉप होत नाही ही तक्रार निदान दिसते तरी. त्याहून महागात पडते ते नकळत झालेले ड्रॉप. सीएच्या कार्यालयात किंवा सोसायटीच्या ऑफिसात चार जण एकाच सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये काम करतात. एके सकाळी ‘२०२३-२४’ नावाचा फोल्डर नाहीसा होतो आणि संशयाची सुई सर्वात नव्या माणसाकडे वळते. खरे कारण बहुधा असे असते : कोणीतरी फोल्डर उघडायला डबल क्लिक केली, हात किंचित सरकला आणि तो फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जाऊन बसला.

हे कोणाच्या लक्षात का येत नाही, यामागे एक तांत्रिक गंमत आहे. एकाच ड्राइव्हमध्ये ओढलेली वस्तू विंडोज हलवते, प्रत करत नाही. आणि हलवणे म्हणजे आतला मजकूर उचलून नेणे नव्हे, तर फक्त पत्त्याची नोंद बदलणे. त्यामुळे ४० जीबीचा फोल्डरही डोळ्याचे पाते लवण्याच्या आत हलतो. ना हिरवी पट्टी सरकते, ना ‘खात्री आहे का?’ असे कोणी विचारते. ड्राइव्ह वेगळा असेल, म्हणजे सी मधून पेनड्राइव्हवर ओढले, तर मात्र प्रत होते. ही विसंगती किती जणांना ठाऊक असते? पेनड्राइव्हवर प्रत राहिली म्हणून निश्चिंत झालेला माणूस डी ड्राइव्हमध्ये तेच करतो, तेव्हा मूळ जागा रिकामी होते.

म्हणून फोल्डर दिसेनासा झाला की प्रथम त्याच्या वर-खालच्या फोल्डरांच्या आत बघावे. ज्याच्या हातून झाले त्याला लगेच कळले, तर कंट्रोल आणि झेड दाबताच फोल्डर जागेवर येतो. मुद्दाम ओढायचे असेल तेव्हा कंट्रोल दाबून ओढल्यास प्रत होते, शिफ्ट दाबून ओढल्यास हलवले जाते. सर्वात सुरक्षित म्हणजे उजव्या बटणाने ओढणे. सोडताच ‘प्रत करू, हलवू की रद्द करू’ अशी यादी समोर येते. ही सोय जुनी आहे, फुकट आहे आणि जवळजवळ कोणालाही माहीत नाही.

हात थरथरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. बटण दाबून कर्सर किती सरकला म्हणजे ‘ओढले’ समजायचे, याचे माप विंडोजमध्ये ठरलेले असते : मुळात अवघे ४ पिक्सेल. म्हणजे पडद्यावर केसाएवढे अंतर. रजिस्ट्रीतील ‘ड्रॅग विड्थ’ आणि ‘ड्रॅग हाइट’ या दोन नोंदींत ते वाढवता येते, पण त्यासाठी जाणकाराची मदत घ्यावी. इतकी उपयोगी गोष्ट माऊसच्या साध्या सेटिंगमध्ये न ठेवता रजिस्ट्रीच्या तळघरात का ठेवली, याचे समर्थन मला तरी सुचत नाही.

मुळात हे सर्वांसाठी सोपे होते का?

हीच पद्धत नैसर्गिक आहे, असे आपण धरून चालतो. इतिहास वेगळे सांगतो. १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकावर पडद्यावरची वस्तू हलवण्यासाठी आधी ती निवडायची, मग कळफलकावरील ‘मूव्ह’ ही कळ दाबायची आणि नंतर नवी जागा दाखवायची, अशी रीत होती. बटण दाबून धरून ओढण्याची रीत ॲपलमध्ये जेफ रास्किन यांनी लावून धरली आणि १९८४ च्या मॅकिन्टॉशने ती घराघरांत नेली. त्याच मॅकमध्ये फ्लॉपी बाहेर काढण्यासाठी तिचे चिन्ह कचरापेटीत टाकण्याची पद्धत होती. आपली फ्लॉपी पुसली जाणार या भीतीने नवखे वापरकर्ते ते करायला कचरत. नैसर्गिकपणाची ही तऱ्हा!

१९९१ मध्ये मॅकेन्झी, सेलन आणि बक्स्टन या संशोधकांनी नुसते दाखवणे आणि ओढणे यांची तुलना केली. ओढण्यात वेळ जास्त लागतो आणि चुका जास्त होतात, असे आढळले. बटणावरचा दाब कायम ठेवायचा आणि त्याच वेळी हात सरकवायचा, ही दोन कामे एकाच हाताची बोटे करतात. संधिवात, कंपवात किंवा नुसते वाढते वय असलेल्यासाठी ही कसरत आहे. काहीच न दिसणाऱ्यासाठी तर ‘ओढून तिथे नेणे’ याला अर्थच नाही.

फोटो मागे-पुढे लावणे, सादरीकरणातील पाने फिरवणे यांसाठी ओढण्यासारखी दुसरी सोय नाही, हे मान्य. पद्धत काढून टाका असे कोणी म्हणत नाही. प्रश्न आहे तो ओढणे हाच एकमेव मार्ग ठेवण्याचा.

मग मागणी काय?

वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यात हा मुद्दा प्रथमच स्वतंत्रपणे आला : जे काम ओढून होते, ते न ओढता, साध्या क्लिकनेही करता आले पाहिजे, ओढणे हाच त्या कामाचा गाभा असेल तर अपवाद. आपल्या सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे मात्र त्याआधीच्या, २०१८ च्या २.१ आवृत्तीवर बेतलेली आहेत. हा नियम त्यांत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीसंबंधीच्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. एवढे झाल्यावर मार्गदर्शक तत्त्वांत हा एक नियम घालायला अडचण नसावी. शिष्यवृत्तीचा अर्ज असो की पेन्शनचा, ‘फाइल इथे ओढा’ या चौकटीशेजारी ‘फाइल निवडा’ हे ठळक बटण असलेच पाहिजे. आणि ‘तुम्ही यंत्रमानव नाही’ हे सिद्ध करण्यासाठी कोड्याचा तुकडा सरकवायला लावणाऱ्या साइटनी दुसरा पर्याय द्यायलाच हवा.

तोवर अर्ज भरणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चौकटीच्या किंचित बाहेर फाइल सुटली, तर ब्राउझर अर्ज बाजूला सारून तीच फाइल उघडून दाखवू शकतो आणि भरलेली माहिती जाते. झिप फाइलच्या आतून किंवा केबलने जोडलेल्या मोबाइलमधून थेट ओढलेली फाइल बऱ्याचदा चिकटत नाही. ती आधी डेस्कटॉपवर उतरवून घ्यावी. ओढण्याच्या भानगडीतच पडायचे नसेल तर बहुतेक चौकटींत नुसते क्लिक केले तरी फाइल निवडण्याची खिडकी उघडते. नाही उघडली तर टॅब कळीने तिथवर जाऊन एंटर किंवा स्पेस दाबून पाहावे. विंडोज ११ मध्ये फाइल निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि सी दाबले की तिचा पूर्ण पत्ता कॉपी होतो. उघडलेल्या खिडकीत ‘फाइल नेम’च्या जागी तो पेस्ट करून एंटर दाबले, की माऊसला हात न लावता फाइल अर्जाला जोडली जाते.