उजेडाचा हिशेब कुणी मांडायचा?

वारीहून आलेल्या बाईला लोक विचारतात, "दर्शन कसं झालं? पाऊस होता का?" पण "पहाटे आंघोळीला उजेड होता का?" असं कधी कुणी विचारलंय? मला तरी नाही. आणि गेली दोन वर्षं मी याच एका प्रश्नामागे लागले आहे, म्हणून आज तुमच्याशी बोलायचंय.

आमच्या भागातली साठेक माणसं दरवर्षी माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. त्यात निम्म्याहून जास्त आम्ही बायका. बरोबर एक ट्रक. त्यात तंबू, भांडी, शिधा, गॅस, प्रत्येकाची वळकटी, वरून ताडपत्री. परदेशात लोक स्वयंपाकाची, झोपायची सोय असलेल्या गाड्या घेऊन महिनोन् महिने फिरतात म्हणे. आपल्या राज्य सरकारनंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मला तर हसूच आलं. अहो, चाकावरचं घर आमच्या वारीत केव्हाचंच आहे! फक्त त्या घरातल्या बाईला उजेड हवा असतो, हे कुणाच्या यादीत नव्हतं.

२०२४ साली दिंडीत ठरलं, ट्रकवर सोलर बसवायचं. गावोगाव कुणाच्या तरी घरातून वायर ओढून घ्यायची, त्यांचे उपकार घ्यायचे, त्यापेक्षा हे बरं. बैठक झाली. दुकानदार म्हणाला ते घेतलं. एक १०० वॉटचं पॅनेल, दीडशे एएचची भलीमोठी बॅटरी आणि एक इन्व्हर्टर. यादी झाली ती अशी: कीर्तनाचा माईक, मोठ्या तंबूतले दिवे आणि मोबाइल चार्जिंग. मी मागून म्हटलं, "आणि मोरीकडे?" तर एक नाना म्हणाले, "माऊली, एवढी मोठी बॅटरी घेतलीय, सगळ्यांना पुरते की!"

पुरली नाही. सासवडलाच दिवे मिणमिणायला लागले. तिथं दोन दिवस मुक्काम असतो, म्हणून एका घरातून वायर घेऊन भागवलं. जेजुरी झाली आणि वाल्ह्याच्या मुक्कामी रात्री सगळा अंधार. आम्ही बायका पहाटे तीनला उठतो, पुरुष उठायच्या आत आंघोळी उरकायच्या म्हणून. टँकरच्या आडोशाला चार साड्या बांधल्या की झाली मोरी. खाली चिखल, शेताचा बांध, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. त्या अंधारात आमच्यातल्या एक मावशी घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. त्यांची वारी तिथंच थांबली. प्लॅस्टर घालून त्यांना घरी पाठवलं तेव्हा त्या हाताला लागलं म्हणून रडत नव्हत्या, पंढरपूर राहिलं म्हणून रडत होत्या.

त्यावर उपाय काय झाला? कुणीतरी ट्रकच्याच बॅटरीवरून वायर काढली. मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. यांनी त्यातल्या एकीवरूनच दिवे चालवले. दोन दिवसांत ती एक उतरली आणि तरडगावला पहाटे ट्रक सुरूच होईना. पालखी निघायच्या आत सामानाच्या गाड्या पुढे काढाव्या लागतात, आणि आमचा ट्रक तसाच उभा! शेवटी शेजारच्या दिंडीनं धक्का मारला. वरून काय, ती वायर तापून तिचं प्लॅस्टिक वितळलं होतं. खाली ताडपत्री आणि हाताभरावर गॅसच्या टाक्या. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

घरी आल्यावर मी ठरवलं, हे काय गौडबंगाल आहे ते समजून घ्यायचंच. आमचं नावडे म्हणजे एकीकडे तळोज्याची एमआयडीसी, दुसरीकडे कळंबोलीचा लोखंड बाजार आणि मधून मुंब्रा-पनवेल हायवे. ट्रकची कामं करणारे इलेक्ट्रिशियन इथं पावलोपावली. त्यातल्या एका जाणत्या दादांकडे वही घेऊन गेले. ते म्हणाले, "वहिनी, आधी सांगा, रोज जळणार किती?" मला सांगता येईना. तिथंच माझी चूक मला कळली. आमच्या बैठकीत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता!

खरं सांगू? हा हिशेब साठ माणसांच्या पिठाच्या हिशेबापेक्षा मुळीच अवघड नाही. दिव्यावर वॉट लिहिलेले असतात. वॉट गुणिले तास, की झाला रोजचा खर्च. पाच वॉटचे दहा एलईडी दिवे सरासरी सहा तास, म्हणजे ३००. माईकची पेटी साधारण ५० वॉट, तीन तास, म्हणजे १५०. आणि मोबाइल? मी समजत होते, मोबाइल काय खाणार! पण हल्लीचा एक स्मार्टफोन पूर्ण भरायला २० च्या आसपास लागतात. आमच्याकडे असे पंचेचाळीस फोन. रोज सगळे भरले तर ९००! म्हणजे सगळे दिवे मिळून जेवढं खातात, त्याच्या तिप्पट नुसते मोबाइल.

आता मिळकत बघा. १०० वॉटचं पॅनेल कडक उन्हात दिवसाला फार तर चारशे-साडेचारशे देतं. पण वारी कधी असते? ज्येष्ठ-आषाढात! ढग असले की त्याचं शंभर-दीडशेवर येतं. आणि आमचा इन्व्हर्टर रात्रंदिवस चालू. एकही दिवा लावला नाही तरी तो स्वतःसाठी सतत दहाएक वॉट खातो, चोवीस तासांत २४०. म्हणजे जे आत येत होतं त्याहून जास्त इन्व्हर्टरच गिळत होता. बॅटरी मोठी असून काय उपयोग? पिंप मोठं, नळ बारीक आणि खाली भोक! दीडशे एएचची रिकामी बॅटरी त्या एका पॅनेलवर भरायला चांगल्या उन्हाचे निदान चार-पाच दिवस लागले असते, तेही तोवर एकही दिवा न लावता. शिवाय ॲसिडची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली की तिचं आयुष्य घटतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

२०२५ च्या वारीआधीच्या बैठकीत मी वही घेऊन उभी राहिले. पाय लटपटत होते, पण उभी राहिले. आणि जे केलं ते तुम्हालाही कुठे उपयोगी पडेल म्हणून सांगते.

इन्व्हर्टर बंद ठेवला. दिवे १२ व्होल्टचेच घेतले, थेट बॅटरीवर चालणारे. इन्व्हर्टर फक्त माईकसाठी संध्याकाळी लावायचा आणि कीर्तन संपलं की बंद. फोनना नियम केला, एक दिवसाआड, पाळीनं. त्यामुळे रोजचा खर्च नऊशेवर आला. पॅनेल दोन केली. तरी ढगाळ दिवशी मिळणार दोनशे-तीनशेच. मग उरलेलं कुठून आणायचं? ट्रकच्या इंजिनाकडून. पण चोरून नाही, रीतसर! ट्रकच्या २४ व्होल्टवरून आपली १२ व्होल्टची बॅटरी भरणारा चार्जर मिळतो. तो असा जोडला की इंजिन चालू असतानाच काम करील. मुक्कामाहून मुक्कामाला जाताना गर्दीत ट्रक दोनेक तास तरी चालतो. तेवढ्यात पाचशेच्या आसपास भर पडते. आणि ट्रकची स्वतःची बॅटरी सुरक्षित! पुणे, सासवडसारख्या दोन दिवसांच्या मुक्कामी वीज मिळाली तर बॅटरी पूर्ण भरून घ्यायची.

बॅटरी लिथियमची घेतली, शंभर एएचची. दोन-तीन पट महाग पडते हे खरं, त्यासाठी आम्ही बायकांनी वेगळी वर्गणी काढली. पण ती जवळजवळ पूर्ण वापरता येते, पटकन भरते आणि एका बाईला उचलता येते. आधीची दोघा गड्यांना जड जायची. घाटातल्या हिसक्यांनी तिचं ॲसिड सांडायचं ते निराळंच. मात्र चार्जर आणि सोलरचा कंट्रोलर लिथियमला चालणारा आहे ना, हे विचारून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वायर. घरात आपण बारीक वायर बघतो, कारण तिथं २३० व्होल्ट असतात. तेच १२० वॉट घरी अर्ध्या अँपिअरवर चालतात, तर १२ व्होल्टवर त्यांना दहा अँपिअर लागतात. वीसपट! म्हणून बारीक वायर तापते. ट्रकपासून दहा मीटर लांबच्या मोरीपर्यंत तेवढा भार दीड एमएमच्या वायरनं नेला, तर १२ पैकी दोन व्होल्टहून जास्त वाटेतच मरतात. दिवे मिणमिणतात ते त्यामुळेच. आम्ही मेन लाइन सहा एमएमची घातली. आणि फ्यूज! तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरला आगीपासून वाचवायला असतो. वायर झेपेल त्यापेक्षा मोठा फ्यूज घातला तर नसल्यासारखाच. बॅटरीची पेटी गॅसच्या टाक्यांपासून लांब, ट्रकच्या दुसऱ्या टोकाला. जोडताना आधी कंट्रोलरला बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना उलट.

आणि एक गंमत. ओल्या साड्या वाळत घालायला ट्रकच्या टपासारखी जागा नाही, पहिल्या वर्षी आम्हीच त्या पॅनेलवर पसरत होतो! पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याची वीज कितीतरी कमी होते. मग नवा नियम झाला, साड्या दोरीवर आणि सकाळ-संध्याकाळ पॅनेल ओल्या फडक्यानं पुसायचं. ते काम दोन कॉलेजच्या मुलींनी हौसेनं घेतलं.

त्या वारीत एकही रात्र अंधारात गेली नाही असं मी म्हणणार नाही. एकदा सलग तीन दिवस आभाळ फाटलं होतं, तेव्हा मोठ्या तंबूतले दिवे आम्ही नऊलाच बंद केले. पण मोरीकडचा आणि चुलीकडचा दिवा पहाटेपर्यंत जळला. आधी कुठला दिवा विझवायचा, हे या वेळी आम्ही ठरवलं होतं.

बैठकीत एका ज्येष्ठांनी मला टोकलं होतं, "वारीला वीज कशाला? संत काय दिवे घेऊन चालत होते?" मी त्यांचा मान राखते. वारीत सोसायचंच असतं, आम्ही काही तक्रार करायला जात नाही. पण माईकसाठी इन्व्हर्टर आला तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. फोन चार्ज करायला रांग लागते तेव्हाही विचारत नाहीत. बाईच्या आंघोळीच्या जागी पाच वॉटचा दिवा मागितला की वैराग्य आठवतं, असं का? आता वारीत फिरती शौचालयं आली, २०२२ पासून राज्य महिला आयोगानं आरोग्यवारी सुरू केली. म्हणजे चालणाऱ्या बाईच्या गरजांकडे सरकारचंही लक्ष गेलं. मग आपल्याच दिंडीचं का जाऊ नये?

आणि हे काही वारीपुरतं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची कोपी असो, जत्रेतला आपला स्टॉल असो, की घरातला इन्व्हर्टर. "कुठले पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यायचे?" हे इलेक्ट्रिशियन कुणाला विचारतो? घरातल्या पुरुषाला. मग हॉलचा पंखा आणि टीव्ही चालतो आणि बाई मेणबत्तीच्या उजेडात पोळ्या लाटते. त्यांचा हेतू वाईट असतो असं नाही हो. जो जिथं वावरतो, त्याला तिथलाच अंधार दिसतो. आपण जिथं वावरतो तिथला अंधार आपणच सांगायला हवा ना? आणि सांगायचा तर वॉट आणि तासांसकट सांगायचा, म्हणजे "तुला काय कळतं त्यातलं" म्हणायला कुणाला जागाच उरत नाही.

हात मोडलेल्या मावशी २०२५ ला पुन्हा आल्या होत्या. वाल्ह्याला पहाटे तीनला त्या साडीच्या आडोशाबाहेर उभ्या राहून त्या दिव्याकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "बाय, एवढुसाच तर आहे गो!"

एवढुसाच आहे. पण तो यादीत आपोआप येत नाही. पुढच्या वेळी तुमच्या घरी, दिंडीत किंवा मंडळात विजेचं काही ठरत असेल, तर चहा देऊन आत जाऊ नका. वही-पेन घ्या आणि तिथंच बसा.