बोट नशिबाने तुटत नाही

तारापूर एमआयडीसीत रिअ‍ॅक्टर फुटला की मुंबईहून कॅमेरे येतात. पॉवर प्रेसखाली कुणाचे बोट गेले तर त्याची बातमी होत नाही. मी सालवडचा. आमच्या मोहल्ल्यात अशा हातासाठी एकच शब्द आहे : ‘किस्मत’. मला या शब्दाची चीड आहे.

प्रेस किस्मतीने खाली येत नाही. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय ती चालणारच नाही, अशी सोय करता येते. हात बटणावर, म्हणजे डायमध्ये नाही. पण नग जास्त निघावेत म्हणून एक बटण कायमचे दाबून ठेवले जाते, गार्ड काढला जातो. मशीनच्या धोकादायक भागांना कुंपण हवे, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम २१ मध्येच सांगितले होते. टार्गेट मालकाने द्यायचे आणि बोट गेल्यावर ‘गार्ड त्यानेच काढला’ म्हणायचे, हा कुठला न्याय?

मग ठेकेदार येतो. दवाखान्याचे बिल, थोडी रोकड आणि ‘तक्रार नाही’ या कागदावर अंगठा. उरला असेल तर! १९२३ च्या भरपाई कायद्याने अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरले, चार बोटे गेल्यास ५० टक्के. ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, हे त्याच्या कलम १२ ने सांगितले होते. आणि हक्क सोडून दिल्याचा करार रद्दबातल, हे कलम १७ ने. ईएसआयसीत नाव असेल तर कायमच्या अपंगत्वाचा लाभ तिथून मिळतो. म्हणूनच अनेकांचे नाव तिथे घातलेच जात नाही.

आपण जखमीसाठी चंदा गोळा करतो. जरूर करावा. पण सदका मालकाचे देणे फेडण्यासाठी नसतो. आधी उंट बांध, मग तवक्कुल, हे आपल्याला लहानपणीच शिकवले गेले. मशीनपुढे ते कसे विसरतो?

तुम्ही शिकलेले आहात, घरोघरचे अर्ज मोबाइलवर तुम्हीच भरता. मग हेही करा. कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका. हजेरी, गेटपास, पगाराचा पुरावा जपून ठेवा. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘कामावर असताना मशीनमध्ये इजा’ असेच लिहून घ्या. अपघाताची लेखी नोंद मागा. आणि पुढच्या वेळी कुणी ‘किस्मत’ म्हणाले, तर विचारा : गार्ड कुठे होता?