लेसच्या उशीवरील अवजारे
बॉबिन लेस म्हणजे बॉबिन नावाच्या लहान लाकडी किंवा हाडाच्या दांड्यांवर गुंडाळलेले धागे एकमेकांवरून ओलांडून आणि पिळून घडवलेली जाळी. इंग्लंडच्या बेडफर्डशर, बकिंगहॅमशर व नॉर्थॅम्प्टनशर या परगण्यांत ती पेंढा ठासून भरलेल्या कठीण उशीवर विणली जाई. उशीवर छिद्रे पाडलेला नमुना, म्हणजे प्रिकिंग, बसवला जाई आणि तो पूर्वी चर्मपत्रावर तयार होत असे, कारण पुनःपुन्हा टाचण्या टोचूनही ते टिकून राही. टाचण्या पितळेच्या असत, कारण लोखंड गंजले तर पांढऱ्या धाग्यावर डाग पडत. विणलेला भाग स्थिर होईपर्यंत प्रत्येक वळण जागच्या जागी रोखणे, हे त्यांचे काम. या परगण्यांतील बॉबिनच्या टोकाला तारेत ओवलेल्या काचमण्यांचे कडे असे. त्याच्या वजनाने धागा ताणलेला राही आणि बॉबिन घरंगळत नसे, तर डेव्हनमधील हॉनिटन लेसच्या बॉबिन मुद्दाम गुळगुळीत व टोकदार ठेवत, कारण त्या आधी विणलेल्या भागातील फासांतून पार करायच्या असत. मूळ क्रिया दोनच, ओलांडणे आणि पिळणे, आणि तेवढ्यावर फुले, पाने व त्यांमागची जाळी उभी राहते, ही हातांच्या बुद्धीची असामान्य कामगिरी आहे. संग्राहक नावे कोरलेल्या बॉबिन हौसेने जपतात. परंतु लेस पुन्हा विणता येते ती प्रिकिंगवरून, तेव्हा वस्तुसंग्रहालयांनी त्या चर्मपत्रांनाही तितक्याच आस्थेने सांभाळावे.