टॅबची झोप आणि प्रशासनाचे सोंग

कर्मचाऱ्यांच्या हाती टॅब आले की प्रशासन गतिमान झाले, असे आपण गृहीत धरतो. वाटपाची छायाचित्रे निघतात, संचांची संख्या प्रगती अहवालात जाते आणि विषय संपतो. तो टॅब पुढे कसा चालतो हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

एका गावी तपासणीला गेलो असता अंगणवाडी सेविका टॅब बाजूला ठेवून वहीत नोंदी करताना दिसली. कारण विचारले, तर तिने बटण दाबून टॅब माझ्याच हाती दिला. काळी स्क्रीन, मग फिरते चक्र, मग पुन्हा पासवर्ड. "साहेब, तोवर मूल काट्यावरून उतरून पळून जातं," ती म्हणाली. सोबतच्या अधिकाऱ्याने तत्काळ निदान केले, "यांना प्रशिक्षण कमी पडतंय." हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

टॅबची झोप एकाच प्रकारची नसते. हलक्या झोपेत प्रोसेसर थांबतो, पण रॅमला थोडी वीज मिळत राहते. त्यामुळे चाललेले काम तिथेच शाबूत असते आणि यंत्र क्षणार्धात जागे होते. काही टॅब, विशेषतः विंडोजवर चालणारे, बराच वेळ पडून राहिल्यास बॅटरी वाचवण्यासाठी गाढ झोपेत जातात. रॅममधील सारा मजकूर साठवणुकीत लिहून वीज बंद केली जाते, आणि जागे होताना तो सारा परत वाचावा लागतो. स्वस्त टॅबमध्ये ही साठवणूक संथ जातीची असते. ती फोटोंनी व नोंदींनी काठोकाठ भरली की आणखी मंदावते.

अँड्रॉइडच्या टॅबचे दुखणे थोडे वेगळे आहे. रॅम अपुरी पडली की ही प्रणाली मागे पडलेले अ‍ॅप बंद करून टाकते. यंत्र जागे होते, पण अ‍ॅप पहिल्यापासून सुरू करावे लागते. त्यातच बॅटरी वाचवण्यासाठी मंदावलेली नेटवर्कची जोडणी पुन्हा नीट मिळायला हवी. आमचे विभागीय अ‍ॅप मात्र उघडताक्षणी दूरच्या सर्व्हरकडे ओळख पटवायला जाते. गावात सिग्नल नसला की चक्र फिरतच राहते. हा दोष टॅब विकणाऱ्याचा नाही. राजधानीतल्या वेगवान जोडणीवर अ‍ॅप तपासून त्याला मान्यता देणाऱ्या आपला आहे.

यांपैकी कोणते कारण प्रशिक्षणाने दूर होते?

आपण यातून शिकायला हवे होते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' टॅबचे अनावरण झाले. त्यात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम होती. देशभर कौतुक झाले ते किमतीचे. पुढच्याच वर्षी आलेल्या आवृत्तीत प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा आणि रॅम ५१२ एमबी करावी लागली. किंमत ही वस्तूची पात्रता नव्हे, हा धडा तेव्हाच मिळाला होता. तरीही आपल्या निविदांत स्क्रीनचे इंच, रॅमचे जीबी आणि बॅटरीचे आकडे असतात, कारण ते माहितीपत्रकावरून ताडून पाहता येतात. "जागे होण्यास किती सेकंद" हा रकाना मी तरी एकाही निविदेत पाहिलेला नाही. जे निविदेत मागितलेच नाही, ते सर्वात कमी दर भरणारा देईलच कशाला?

यावर ठरलेला आक्षेप असा की पैसा जनतेचा आहे, काटकसर हवीच. मान्य. मग हिशोब पुरता करू या. समजा, दिवसातून ४० वेळा टॅब उघडावा लागतो आणि दर वेळी २० सेकंद वाया जातात. म्हणजे रोज सुमारे १३ मिनिटे. २०० सेविकांच्या एका प्रकल्पात हे दररोज ४४ तास होतात. हा खर्च कोणत्याही तुलनात्मक तक्त्यात दिसत नाही, कारण तो खालच्या कर्मचाऱ्याच्या वेळातून वसूल होतो. तो वेळ आपण फुकट समजतो.

याहून मोठे नुकसान माहितीचे आहे. वैतागलेला कर्मचारी टॅब झोपूच देत नाही, मग दुपारपर्यंत बॅटरी संपते. किंवा तो दिवसा वहीत लिहितो आणि रात्री घरी बसून आठवेल तसे भरतो. मुख्यालयातल्या डॅशबोर्डवर ती 'तत्क्षणी मिळालेली माहिती' म्हणून झळकते, आणि तिच्या आधारे कुपोषणाचे निर्णय होतात.

उपाय अवघड नाहीत. नमुन्याचा टॅब विभागाची सर्व अ‍ॅप घालून, साठवणूक तीन चतुर्थांश भरून, रात्रभर झोपवून सकाळी कमकुवत सिग्नलच्या गावात उघडावा. लागणारे सेकंद घड्याळ लावून मोजावेत आणि त्यांची कमाल मर्यादा निविदेत अट म्हणून घालावी. अ‍ॅपने नोंद आधी टॅबमध्येच साठवावी आणि जोडणी मिळेल तेव्हा पाठवावी. आणि स्वीकृतीच्या कागदावर भांडारपालाबरोबर प्रत्यक्ष वापरणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांच्याही सह्या असाव्यात.

झोपलेल्याला जागे करता येते, सोंग घेतलेल्याला नाही, असे आपल्याकडे म्हणतात. त्या गावातला टॅब उशिरा का होईना, जागा झाला होता. "प्रशिक्षण कमी पडतंय" असा शेरा मारून फाइल मिटणाऱ्यांचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.