बाप्तिस्मा, स्नानसंस्कार आणि एक तिसरा शब्द

ख्रिस्ती मंडळींत प्रवेश करतांना जो जलविधि होतो, त्यास आमच्या अंधेरी-बोरिवलीकडे तीन नांवें ऐकूं येतात. प्रॉटेस्टंट लोक त्यास ‘बाप्तिस्मा’ म्हणतात. मराठी बोलणारे कॅथॉलिक ‘स्नानसंस्कार’ म्हणतात. आणि तिसरें नांव, जें तोंडावर क्वचितच उच्चारलें जातें, तें ‘बाटणें’. या तिहींचा अर्थ विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

‘बाप्तिस्मा’ हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा धातु बुडविण्याचा. रंगारी कापड रंगांत बुडवी, त्या क्रियेसही याच कुळांतील शब्द होता. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरांत कुष्ठरोगी नामान यार्देन नदींत सात वेळां बुडी मारतो, तेथेंही हेंच क्रियापद आहे. मराठींत शब्दाचा ध्वनि आला, पण तो रंगारी व ती नदी मागें राहिली. मग भाषांतर कां केलें नाहीं? बंगालींत बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनीं ‘बुडविणें’ याच अर्थाचा शब्द योजून पाहिला. तो पाणी शिंपडणाऱ्या पंथांस मानवला नाहीं, बायबल सोसायटीनें साहाय्य नाकारलें, आणि १८४० मध्यें बॅप्टिस्टांस त्यासाठीं निराळी संस्था काढावी लागली. मूळ शब्द तसाच ठेवला म्हणजे असा वाद टळतो.

‘स्नानसंस्कार’ मात्र आजीबाईंसही उमजतो. तमिळ ख्रिस्ती ‘ज्ञानस्नान’ म्हणतात, तेंही याच जातीचें. परंतु स्नानानें मळ जातो एवढेंच कळतें; ख्रिस्ताबरोबर मरून पुन्हां उठणें, हा संत पौलानें सांगितलेला अर्थ त्यांत येत नाहीं. तो बुडण्यांत येतो. म्हणून एक शब्द चांगला व दुसरा वाईट, हा वाद आम्हांस व्यर्थ वाटतो.

आतां तिसरा शब्द. बाटणें म्हणजे विटाळणें. ज्या पाण्यास एक शेजारी शुद्धि म्हणतो, त्यासच दुसरा विटाळ म्हणतो! हा शब्द बोचतो खरा. पण त्यामागें केवळ द्वेष आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज अमलाखालीं गोव्यांत देवळें पाडलीं गेलीं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नांवाचें जें चर्च अंधेरीच्या सीप्झ आवारांत भग्नावस्थेंत उभें आहे, तेंही त्याच राज्यांत, १५७९ मध्यें, बांधलेलें. सत्तेच्या बळानें धर्म आला म्हणजे लोकांच्या स्मरणांत असा शब्द रुजतो.

त्यास उत्तर मराठी व्याकरणांतच आहे. ‘बाटविला’ यांत कर्ता दुसरा असतो. ‘बाप्तिस्मा घेतला’ यांत कर्ता आपण स्वतः. कवि नारायण वामन टिळकांनीं १८९५ मध्यें मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंनीं घेतला नाहीं. पुढें मन वळलें तेव्हां त्यांनीं स्वतः घेतला. तान्ह्या मुलासाठीं आईबाप शब्द देतात. पण जाणत्या वयांत तो त्याला आपला करावा लागतो, म्हणूनच दृढीकरणाचा विधि आहे.

तेव्हां मुलांनो, पहिल्या दोन नांवांवरून भांडूं नका, आणि तिसरें कोणाच्याही मुलाला उद्देशून उच्चारूं नका. ख्रिस्ती पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, ‘घेतला’ या क्रियापदास जपा. जेथें घेणाऱ्याची इच्छा नाहीं, तेथें पाणी कितीही ओतलें तरी तो बाप्तिस्मा नव्हे.